सहा ऑगस्टचा चेहरा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी गेली बरीच वर्षं लेख देतो. दर ऑगस्टमध्ये संपादकांचा फोन येतो, "काका, यंदा काय?" आणि मी काहीतरी देतो. एकदा खजुरावर दिला, एकदा खाडीवर उतरणाऱ्या पक्ष्यांवर, एकदा पाण्याच्या टँकरवर. टँकरचा लेख लोकांना आवडला होता. त्यात टँकरच्या पाठीवर अक्षरं रंगवणाऱ्या एका माणसाचा परिच्छेद होता. देण्याआधी मी तो काढून टाकला. खजुराच्या लेखातून सहा ऑगस्टचा परिच्छेद काढला. असे काढलेले परिच्छेद एकापुढे एक ठेवले तर एक गोष्ट होते. ती मी बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही, आणि ज्याला सांगायची होती त्याच्यासमोर बसून लागोपाठ दोन चहा प्यायलो, तरी सांगितली नाही. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. यंदा काही काढणार नाही. संपादकांना लेख नको असेल तर या जागी त्यांनी पाककृती छापावी, माझी हरकत नाही.

इथला ऑगस्ट सगळ्यात आधी चष्म्याला कळतो. शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या इमारतीचं काचेचं दार ढकलून बाहेर पाऊल टाकलं की दोन्ही काचा पांढऱ्या होतात. मी तिथेच थांबतो. वॉचमन म्हणतो, "अंकल, दो मिनट." दोन मिनिटांनी खाडी दिसायला लागते. पाणी हलत नाही. कडेच्या झाडांवर खजुराचे घड लोंबत असतात, पालिकेने त्यांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या असतात. दुकानात रुतब येतो, म्हणजे अर्धा पिकलेला खजूर, एका टोकाला पिवळा आणि करकरीत, दुसऱ्या टोकाला तपकिरी आणि मऊ. मी दरवर्षी एक खोका घेतो. फारसा खात नाही.

यंदा न्याहारीला मंदार, माझा मुलगा, फोनवर सुट्ट्यांची यादी बघत होता.

"ऑगस्टमध्ये काही नाही. लाँग वीकेंड विसरा."

"सहा तारखेला असायची," मी म्हणालो.

"कसली?"

"राज्यारोहणाची. अबुधाबीचे थोरले शेख गादीवर बसले तो दिवस."

माझी नात ईरा अकरा वर्षांची आहे. तिने चमचा खाली न ठेवता सांगितलं, "आजोबा, देअर इज नो सच डे. वी हॅव फ्लॅग डे अँड नॅशनल डे."

"होता गं. पूर्वी होता."

"देन व्हाय डिड दे रिमूव्ह इट?"

"माणूस गेल्यावर त्याचा गादीवर बसण्याचा दिवस कोण करतं?" सुधा, माझी बायको, म्हणाली.

"वी डू महाराज'स डे एव्हरी इयर. यू मेक मी वेअर दॅट नऊवारी."

सुधाने माझ्याकडे बोट केलं. "तुझ्या आजोबांना त्या दिवसाचं फार. ऑगस्टात एक दिवस तोंड शिवून बसतात, आता बघशील तू."

"व्हाय?"

"त्यांनाच विचार. मी तीस वर्षं विचारतेय."

ईराने विचारलं नाही. तिचं कॉर्नफ्लेक्स संपलं होतं.

ती सुट्टी होती तेव्हा आम्ही अबुधाबीत होतो. मुसाफाच्या इंडस्ट्रियल भागात पाट्या आणि रोषणाईचं एक वर्कशॉप होतं, पत्र्याचं, त्यात मी इलेक्ट्रिकलचा फोरमन होतो. दुकानांच्या पाट्या हे आमचं बारमाही काम. मोठं काम वर्षातून दोनदा: डिसेंबरात राष्ट्रीय दिनाला, आणि ऑगस्टात सहा तारखेला. डिसेंबरचं काम सुखाचं. हवा थंड, माणसं रस्त्यावर, गाड्यांवर झेंडे. ऑगस्टचं काम मात्र मुकाट्याने करायचं असे. ज्यांना शक्य होतं ते मुलाबाळांना घेऊन देशी गेलेले असत, शाळा बंद, रस्ते रिकामे. त्या रिकाम्या रस्त्यांवर आम्ही दिव्यांच्या माळा टांगत असू.

अरबीत त्या दिवसाला ईद अल जुलूस म्हणत. जुलूस म्हणजे बसणं. मला याची माहिती पुस्तकातून मिळाली नाही, आमच्या अरबाबकडून मिळाली. अरबाब म्हणजे ज्याच्या नावावर वर्कशॉपचं लायसन्स होतं तो इथला मालक. वयस्क, सावकाश बोलणारा. तो धंद्यात लक्ष घालत नसे, पण ऑगस्टात आपल्या बागेतला खजूर घेऊन यायचा आणि सगळ्यांना हाताने वाटायचा. मोडक्या हिंदीत सांगायचा की शेख गादीवर बसले तेव्हा तो तरुण होता, घर झावळ्यांचं होतं, विहिरीचं पाणी खारट होतं. पाच वर्षांनी डिसेंबरात सहा अमिराती एक झाल्या, सातवी दोन महिन्यांनी आली, आणि त्या सगळ्यांचं राष्ट्र झालं. "पण आधी तो ऑगस्ट," तो म्हणायचा. "पहले वो बैठा, बाद में सब खडा हुआ."

त्या दिवशी होई काय, तर फारसं काही नाही. सरकारी कचेऱ्या बंद. वर्तमानपत्रांत पानंच्या पानं अभिनंदनाच्या जाहिराती, प्रत्येक कंपनीची एक, सगळ्यांत तोच फोटो. इमारतींवर माळा. मोठ्या इमारतींवर शेखांचा मोठा चेहरा. अशा सणावारांना कैद्यांना माफी मिळाल्याची बातमीही येई, एवढे कैदी सोडले, असं. आम्ही ती डब्याखालच्या कागदावर वाचत असू आणि जेवत असू.

तो मोठा चेहरा कासिमभाई काढायचे.

कासिमभाई रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, बारीक अंगाचे, पुढचा एक दात नसलेले. आजच्यासारखं छापून चिकटवण्याचं काम तेव्हा आमच्याकडे नव्हतं. प्लायवूडचे तक्ते जोडून जमिनीवर पसरायचे, त्यांवर पांढरा हात मारायचा, मग पेन्सिलने चौकटी आखायच्या. फोटोवर बोटभर चौकट, प्लायवर हातभर. ते चपला काढून चेहऱ्यावर चालत जायचे, एका चौकटीत उकिडवे बसायचे आणि ती भरायचे. जवळून बघितलं तर काही कळायचं नाही. मी शिडीवर चढून बघायचो.

ते नेहमी डाव्या डोळ्यापासून सुरुवात करत.

"कासिमभाई, दाढी आधी घ्या ना. मोठी जागा भरून निघेल."

"तुम्ही वायर ओढा. दाढी माझ्याकडं सोडा."

"मॅनेजर विचारतोय किती टक्के झालं."

"सांगा, एक डोळा झाला. पन्नास टक्के."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी डोळ्याला त्यांनी चार दिवस घेतले. मला बोलावून दाखवलं. "बघा, तोंड नाय हसत. डोळा हसतोय. फोटोत आपसूक येतं, प्लायवर आणायला जीव जातो." मग ब्रश पुसत म्हणाले, "आई म्हणायची, चेहरे काढू नको कासिम. त्यात जीव कुठून घालशील, वर गेल्यावर विचारतील तुला. मी म्हणायचो, जीव कोण घालतो, मी रंग घालतो." आणि हसले. दात नसल्यामुळे त्यांचं हसणं थोडं शिट्टीसारखं यायचं.

एवढं मला स्वच्छ आठवतं. तो डोळाही आठवतो. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी किंचित पिवळा लावला होता आणि मी विचारलं होतं की डोळ्यात पिवळं कशाला, तर म्हणाले, "बाहेर ऊन आहे ना."

पाच ऑगस्टला दुपारी आम्ही तो चेहरा चढवला. मंदार तेव्हा दुसरीत होता, सुधा त्याला घेऊन पुण्याला गेली होती. हमरस्त्यावरची एक सहा मजली इमारत, दुसऱ्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत चेहरा. उन्हात काम करायला आजच्यासारखी दुपारची बंदी तेव्हा नव्हती. शिडीचं लोखंड हातमोज्यांतून भाजत होतं. तक्ते बसले, बोल्ट आवळले, मग माझं काम राहिलं. चेहऱ्यावर उजेड पडायला वरून सहा हॅलोजन बत्त्या लावायच्या. त्या ज्या लोखंडी दांड्यांवर बसतात त्यांना आम्ही हात म्हणत असू. बत्ती फार तापते, म्हणून हात लांब हवा, निदान सहा फूट. लांब हात गाडीत चारच निघाले. दोन मुसाफाला राहिले होते. दुकानांच्या पाट्यांसाठी वापरायचे दीड फुटाचे हात मात्र गाडीत होते.

मुसाफाला जाऊन यायला तासाहून जास्त लागला असता. मी शिडीवर उभा होतो, घाम डोळ्यांत जात होता, आणि मला खाली उतरायचं होतं. बाकी काही कारण नव्हतं. या एका गोष्टीला मी इतकी वर्षं कारणं शोधली: मॅनेजरची घाई, गाडी भरणाऱ्यांची चूक, ऊन. गाडी भरताना यादी माझ्याच हातात होती. मी डाव्या बाजूला दोन आखूड हात लावले.

खालून कासिमभाईंनी हात कपाळाला लावून वर बघितलं.

"फोरमनसाहेब, बत्ती जवळ दिसते ओ."

"तुम्ही दाढीचं बघा. बत्ती माझ्याकडं सोडा."

ते हसले. त्यांचंच वाक्य मी त्यांना परत दिलं होतं. सगळे हसले.

संध्याकाळी मगरिबच्या अजाननंतर बत्त्या लावल्या. रस्त्यापलीकडे उभं राहून आम्ही सगळ्यांनी बघितलं. डोळा खरोखर हसत होता. एक गाडी थांबली, आतल्या माणसाने काच खाली करून अंगठा दाखवला. कासिमभाईंनी सदऱ्याला हात पुसले आणि म्हणाले, "यल्ला, आता जेवायचं बघू."

सकाळी सहाला मी तिथे गेलो. का गेलो, तर बत्ती डोक्यात होती. डाव्या डोळ्याच्या खालून दाढीपर्यंत रंग करपला होता. विस्तवावर धरलेल्या पापडासारखे फोड आले होते आणि ते मधूनमधून फुटले होते. बत्त्या अजून चालू होत्या. रस्त्यावर कोणी नव्हतं. सुट्टी होती.

मी मेन बंद केला. मुसाफाला गेलो, राहिलेले दोन लांब हात आणले, शिडी लावली, आखूड हात काढले, लांब बसवले. आखूड हात गाडीत सीटखाली टाकले. हे सगळं नीट केलं, घाई केली नाही. बोल्ट नीट आवळले. मग पब्लिक फोनवरून मॅनेजरला फोन केला.

मॅनेजर आपलाच होता, मुंबईचा. आला आणि गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. "राजाचा चेहरा आहे. आजच्या दिवशी. कळतंय का तुम्हाला? कसं झालं हे?"

"रंगाचा दोष दिसतो," मी म्हणालो. "टर्पेंटाइन जास्त पडलं असणार."

कासिमभाई त्याच्या मागोमाग आले होते. त्यांनी मान वर केली. गालाकडे बघितलं, मग बत्त्यांकडे बघितलं. एकेका हातावरून त्यांची नजर गेली. सहाही लांब होते. मग ते म्हणाले, "मी जास्त नाय घातलं." आवाज चढवून नाही. मला नाही, मॅनेजरला नाही, असंच. पुन्हा गालाकडे बघून म्हणाले, "घातलं असेल."

आम्ही गोदामातला सगळ्यात मोठा झेंडा आणून त्या चेहऱ्यावर सोडला. दिवसभर लोक येत होते, झेंड्यापुढे मुलांना उभं करून फोटो काढत होते. छान दिसत होतं.

तेव्हा आम्ही कशाला भीत होतो हे आजच्या मुलांना समजावणं कठीण आहे. राजाच्या चेहऱ्याचा अपमान झाला असं कोणी म्हणेल, कोण म्हणेल ते माहीत नाही, पण कोणीतरी म्हणेल, आणि सगळ्यांचे व्हिसा जातील. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असत. आम्ही तिथे दहा-दहा वर्षं राहिलो होतो, पण नियम कोणी वाचलेले नव्हते, ऐकलेले होते. मॅनेजर म्हणाला, "कोणी विचारलं तर माणूस इथे नसलेला बरा." फोरमन म्हणून कारणाचा कागद मी लिहिला. इंग्रजीत तीन ओळी. रंग सदोष, पेंटरचा निष्काळजीपणा. खाली सही. कासिमभाईंचा व्हिसा कॅन्सल झाला आणि परत येण्यावर काही वर्षांचा बॅन लागला. आठवड्याभरात ते गेले. जाताना पिशवीत त्यांचे ब्रश होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मला म्हणाले, "येतो. सांभाळा." मी म्हणालो, "हो." मला काही वाटलं नाही, हे मला आठवतं. वर्कशॉपच्या एसीचं पाणी बाहेर एका डब्यात ठिबकत होतं आणि डबा भरत आला होता, तो ओतायला हवा असं वाटलं. मी तो ओतला.

पुढच्या आठवड्यात अरबाब खजूर घेऊन आला. मॅनेजरने घाबरत घाबरत त्याला मागे नेलं आणि उतरवून ठेवलेले तक्ते दाखवले. अरबाबने करपलेल्या गालावर बोट फिरवलं, जसं पोराचं खरचटलेलं बघतात. "गर्मी," तो म्हणाला. "मालेश, कोई बात नहीं. फिर बनाओ." मग इकडे तिकडे बघून विचारलं, "रंगवाला किधर है? उसका खजूर."

"छुट्टी पे गया," मॅनेजर म्हणाला.

अरबाबने त्या वाट्याचा खजूर माझ्या हातात दिला. "उसको देना." मी तो घरी नेला. फ्रिजमध्ये ठेवला. सुधा परत आल्यावर तिने टाकून दिला, आंबला म्हणाली.

कोणी विचारलं नव्हतं. पोलीस नाही, पालिका नाही, ज्यांचा चेहरा होता त्यांच्यापर्यंत तर गोष्ट कधी पोचलीही नाही. आमच्या सगळ्या भीतीत इथला एकही माणूस नव्हता. आम्हीच होतो.

बऱ्याच वर्षांनी रमजानच्या महिन्यात थोरले शेख गेले. झेंडे अर्ध्यावर आले, चाळीस दिवसांचा दुखवटा होता, दुकानदार दुकानं बंद करून बाहेर खुर्च्यांवर बसून होते. बांधकामावरचे आपले लोकही रडताना मी बघितले. मला रडू आलं नाही. मी तो चेहरा टीव्हीवर बघत होतो, पुन्हा पुन्हा तोच फोटो, आणि माझी नजर डाव्या गालावर जात होती. पुढे कधीतरी सहा ऑगस्टची सुट्टी गेली. नेमकी कुठल्या वर्षी ते मला सांगता येणार नाही. कोणी काही बोललं नाही, यादीत नव्हती एवढंच. पुढच्या शेखांचा गादीवर बसण्याचा दिवस नोव्हेंबरात आला. त्याच दिवशी आता सगळीकडे झेंडा लावतात, ईरा शाळेत लाल-हिरवं-पांढरं-काळं घालून जाते. तो झेंडा कुणाच्या गादीवरून आला हे तिला माहीत नाही, तिच्या बाईंनाही असेल असं नाही. दिवस असे एकावर एक चढतात, जुन्या पाटीवर नवी पाटी लावतात तसे. मी आयुष्यभर तेच काम केलं, त्यामुळे मला त्यात नवल वाटत नाही. खालची पाटी जात नाही, दिसत नाही एवढंच.

मी निवृत्त होऊन मंदारकडे शारजाला आल्यावर एका दुपारी सिग्नलला एक पाण्याचा टँकर पुढे उभा होता. पाठीवर अरबी आणि इंग्रजीत, पिण्याचं पाणी. इंग्रजी अक्षरांच्या शेपट्यांना एक बाक होता. तो हात मी ओळखला. टँकर वळला तसा मीही वळलो. पंपावर तो थांबल्यावर ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "उम्म अल कुवैन, सनाइया में. एक बूढा है, कोंकणी."

सनाइया म्हणजे कारखान्यांची वस्ती. पुढच्या शुक्रवारी उम्म अल कुवैनला गेलो. वाटेत वाक्य जुळवलं. तीन वाक्यं होती. स्टीअरिंग धरून मोठ्याने म्हणून बघितली.

एक शटर, आत पत्र्याचे डबे, आणि कासिमभाई एका बोटीच्या फळीवर नाव लिहीत होते. मान वर करून बघितलं आणि लगेच ओळखलं. "फोरमनसाहेब. या या. डबा उलटा करा आणि बसा." समोरच्या कॅफेटेरियाकडे ओरडून बिनदुधाचा सुलेमानी चहा मागवला. दात आणखी दोन गेले होते. बॅन संपल्यावर दुसऱ्या व्हिसावर आले होते, म्हणाले. मुलगी गावी शिक्षिका झाली, मराठी शिकवते. तिचा मुलगा व्हिडिओ कॉलवर चित्र मागतो.

"परवा म्हणाला, नाना, माझं चित्र काढ. मी मांजर काढून दिली. पाठमोरी."

"पाठमोरी का?"

"चेहरे सोडले ना मी." त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये ढवळला. "तुम्हाला आठवतंय ना ते? गाल जळला तो? मला आधी वाटलं बत्तीनं झालं. संध्याकाळी मी बोललोही होतो तुम्हाला, जवळ दिसते. पण सकाळी मी नीट बघितलं. सहाच्या सहा हात लांब होते. तुम्ही बरोबर लावले होते. माझा रंगही बरोबर होता, मी डब्बा जाऊन परत तपासला. मग राहिलं काय?" त्यांनी बोट वर केलं. "आई सांगत होती ते खरं. इशारा होता. एवढा सुंदर डोळा काढला, गर्व झाला असेल. त्याच्या खालचंच जाळलं बघा, डोळा ठेवला. मी समजलो. हात आवरला."

आता म्हणायचं होतं. तिन्ही वाक्यं तोंडात होती. चहा आला, तो मी घेतला. गरम होता.

"अक्षर अजून तसंच आहे तुमचं," मी म्हणालो.

"अक्षराला डोळे नसतात. बरं असतं."

ते समाधानी दिसत होते, आणि मी स्वतःला सांगितलं की या वयात त्यांचं समाधान कशाला मोडायचं. सोयीचा विचार होता. त्यांनी दुसरा चहा मागवला, तोही मी प्यायलो. निघताना त्यांनी मला पाटी रंगवून देऊ का विचारलं, दारावर लावायला, आडनावाची. मी नको म्हणालो. परत येताना एसी पूर्ण चालू होता, हात गार पडले होते, आणि शारजा कधी आलं ते मला कळलं नाही.

त्यानंतर दर ऑगस्टात मी जायचं ठरवायचो आणि राहून जायचं. गेल्या ऑगस्टात गेलो. रुतबचा खोका बरोबर घेतला होता, त्यांच्या वाट्याचा, एवढ्या वर्षांनी. शटर उघडं होतं पण आत ब्रश नव्हते, स्टिकर कापायचं मशीन होतं. तिथला माणूस म्हणाला, "चाचा? फेब्रुवारी में गुजर गए. गाँव में." मी खोका त्याला दिला. तो शुक्रिया म्हणाला.

सुधाने विचारलं, खजूर कुठे? म्हटलं, दिला एकाला.

त्यांची मुलगी मराठी शिकवते. आमचा अंक कोकणात कोणाच्या घरी पोचत असेल तर कोणीतरी हा लेख तिच्यापर्यंत न्यावा. तिच्या मुलाला सांगावं की त्याच्या आजोबांच्या हातात काही खोट नव्हती, आणि त्यांनी काढलेला डोळा मी पाहिला आहे, त्यात ऊन होतं. लेख छापून आल्यावर सुधा आणि मंदार वाचतील, ईराला कोणीतरी वाचून दाखवेल. तेही होऊ दे.

गाडीत जुळवलेली वाक्यं तीन होती. आता ती थोडी वाढली आहेत.

कासिमभाई, तुमचा रंग चांगला होता. बत्ती जवळच होती, तुम्हाला बरोबर दिसलं होतं. सकाळी तुम्ही बघितलेले लांब हात मी तुम्ही यायच्या आधी बसवले होते. तो इशारा नव्हता. वरून कोणी काही जाळलं नाही. वर शिडीवर मी होतो. मला माफ करा.